नळीच्या पोटातील स्प्रिंग : लवचिक नळीच्या चेपण्याचा इतिहास

१

लवचिक नळी दोन कारणांनी निकामी होते. आतील द्रवाचा दाब बाहेरील हवेच्या दाबाहून फार वाढला तर ती फुटते. उलट, आतील दाब बाहेरील दाबाहून कमी पडला तर ती चेपते. पहिली आपत्ती सर्वांच्या नजरेस पडते. दुसरी बहुधा निमूटपणे येते, आणि यंत्र थांबल्यावर नळी पुन्हा गोल झाली म्हणजे तिची खूणही उरत नाही. नळ्यांच्या निर्मितीचा जो इतिहास सामान्यतः सांगितला जातो, तो पहिल्या आपत्तीवर मिळविलेल्या विजयाचा इतिहास आहे. चामडे, सूत, व्हल्कनीकृत रबर, पोलादी तारेची वीण या क्रमाने नळीचे फुटण्याविरुद्धचे बळ कसे वाढत गेले, हे त्यात येते. दुसऱ्या आपत्तीवरील उपायाकडे मात्र त्या मानाने फारच थोडे लक्ष गेले आहे. नळीच्या पोटात तारेचे वेटोळे बसवून तिला आतून आधार द्यावयाचा, हा तो उपाय. मोटारगाडीच्या विणीच्या नळ्यांत बसविण्यात येणारी आधार-स्प्रिंग हे त्याचेच एक रूप होय.

या स्प्रिंगविषयी सर्वसाधारण समजूत अशी आढळते की, जुन्या नळ्या दुबळ्या होत्या म्हणून त्यांना स्प्रिंग लागे. नळ्या बळकट झाल्या तशी ती अनावश्यक ठरली. ही समजूत अर्धसत्य आहे. नळीला आतून आधार लागतो की नाही, हे प्रामुख्याने यंत्रात चोषण कोठे व किती पडते यावर अवलंबून असते. नळीच्या बळकटीचा विचार त्यानंतर येतो. यंत्राची रचना बदलली की चोषणाचे प्रमाण व प्रसंग बदलतात, आणि स्प्रिंगची गरज त्यांच्याबरोबर निर्माण होते, मावळते व पुन्हा निराळ्या कारणासाठी निर्माण होते. हे येथे क्रमाने पाहावयाचे आहे.

२

लवचिक नळीचा व्यवस्थित उपयोग युरोपात प्रथम आग विझविण्याच्या कामी झाला. ॲमस्टरडॅमचा चित्रकार यान व्हान डर हेडन व त्याचा भाऊ निकोलास यांनी १६७२ च्या सुमारास चामड्याची नळी जोडलेला आगीचा बंब तयार केला. या बंबावरील यानचा सचित्र ग्रंथ १६९० मध्ये प्रसिद्ध झाला. ही नळी चामड्याच्या पट्टीच्या कडा शिवून केलेली असे, आणि शिवण हेच तिचे मर्मस्थान होते. बंबाचा दाब वाढला की ती शिवणीवर उसवे. फिलाडेल्फियाच्या पेनॉक व सेलर्स यांनी १८०७ च्या सुमारास शिवणीऐवजी तांब्याचे रिव्हेट वापरले आणि चामड्याच्या नळीचे बळ एकदम वाढविले. पुढे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया शोधली. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक याने १८४३ मध्ये अशाच प्रक्रियेसाठी पेटंटचा अर्ज केला. ॲक्रन येथे १८७० मध्ये स्थापन झालेल्या गुडरिचच्या कारखान्याच्या आरंभीच्या मालात सुती आवरणाच्या रबरी बंब-नळ्यांचा समावेश होता. आत द्रव न झिरपू देणारे रबर आणि बाहेर ताण सोसणारे सूत, ही श्रमविभागणी येथून पुढे कायम झाली.

तथापि बंबाला नळ्या दोन लागतात. एक पाणी आगीवर फेकणारी आणि दुसरी विहिरीतून किंवा कालव्यातून ते वर ओढणारी. पहिलीत पाणी भिंतीला बाहेर रेटते. म्हणून ती मऊ असली तरी चालते आणि रिकामी झाल्यावर चपटी करून गुंडाळता येते. दुसरीत हवा भिंतीला आत रेटते. तीही मऊच राहिली, तर पंपाचा पहिला दट्ट्या ओढताच तिच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटतील व पाणी येणार नाही. म्हणून चोषनळीला धातूच्या वेटोळ्याने ताठ करण्याचा प्रघात पडला. अग्निशामक दलाच्या गाडीवर फेकनळी चपटी गुंडाळलेली आणि चोषनळी गोल व ताठ अशी शेजारी शेजारी दिसते, तिचे मूळ या भेदात आहे.

दख्खनच्या शेतकऱ्याला हा भेद मोटेवरून परिचित होता. सोंडेच्या मोटेचे तोंड लोखंडी कड्याने उघडे ठेवलेले असे. सोंड मात्र मऊ चामड्याचीच असे. सोंडेतून पाणी स्वतःच्या भाराने थारोळ्यात पडते, ते सोंडेला आतून फुगवते. तिला आधार देण्याचे कारण नसते. तोंडाने मात्र पाण्यात बुडताना व भरून वर येताना आकार सोडून चालत नाही. आधार जेथे हवा तेथेच द्यावा व इतरत्र चामड्याला मोकळे सोडावे, ही दृष्टी त्या साध्या साधनातही आहे.

३

एकाच कामासाठी दोन परस्परविरुद्ध तत्त्वे वापरली गेली म्हणजे नळीवरील परिणाम विशेष स्पष्ट दिसतो. रेल्वेच्या ब्रेकांच्या बाबतीत असा प्रसंग आला. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये दाबलेल्या हवेचा ब्रेक पुढे आणला व १८७२ मध्ये त्याला स्वयंचलित रूप दिले. ब्रिटनमध्ये त्याला निर्वात ब्रेकाची स्पर्धा होती. उतारूंच्या गाड्यांना अखंड स्वयंचलित ब्रेक असलेच पाहिजेत असे तेथे १८८९ च्या कायद्याने ठरल्यावर बहुतेक कंपन्यांनी निर्वात ब्रेक पसंत केला. भारतीय रेल्वेवरही तोच रूढ झाला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हवेच्या ब्रेकाने त्याची जागा क्रमशः घेईपर्यंत टिकून राहिला.

दोन डब्यांमधील जोडनळी दोन्ही पद्धतींत आवश्यक होती. हवेच्या ब्रेकाच्या नळीत दर चौरस इंचास सुमारे ७० पौंडांचा अंतःदाब असे. तिला कापडाचे थर पुरत. निर्वात ब्रेकाच्या नळीत सुमारे २० इंच पाऱ्याइतकी निर्वातता राखावी लागे, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग नळीला बाहेरून दाबीत असे. आकड्यांनी पाहिले तर हा भार पहिल्याच्या एक-सप्तमांश ठरतो. तरीही तारेच्या वेटोळ्याची गरज या दुसऱ्या नळीलाच पडली. भाराचे परिमाण लहान असले तरी त्याची दिशा निर्णायक असते, हे या दोन नळ्यांच्या तुलनेवरून ध्यानात येते.

४

दिशेला इतके महत्त्व का, याचे शास्त्रीय उत्तर नळ्यांच्या अभ्यासातून आले नाही. ते बॉयलरच्या अभ्यासातून आले. विल्यम फेअरबेर्न व जॉन हेदरिंग्टन यांनी १८४४ मध्ये पेटंट घेतलेल्या लँकेशायर बॉयलरमध्ये दोन भट्टीनळ्या पाण्याने वेढलेल्या असत. पाण्याचा व वाफेचा दाब त्यांच्यावर बाहेरून येई. बाहेरचे कवच धडधाकट असताना आतल्या नळ्या चेपून बॉयलरचे अपघात होत. फेअरबेर्नने पातळ लोखंडी नळ्या जलदाबाखाली चेपून पाहिल्या व १८५८ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोवर नळीची लांबी तिच्या बळाच्या हिशेबात धरली जात नसे. फेअरबेर्नला आढळले की, बाह्य दाबाखाली लांब नळी आखूड नळीपेक्षा लवकर चेपते. यावरून त्याने सुचविलेला उपाय सरळ होता. नळीवर ठराविक अंतराने बळकट कडी बसवावीत. म्हणजे एका लांब नळीच्या जागी अनेक आखूड नळ्या असल्याप्रमाणे तिचे वर्तन होते.

फेअरबेर्नचा लांबीविषयीचा नियम सर्व लांबींना लागू पडत नाही, हे पुढे दिसून आले. जी. एच. ब्रायन याने १८८८ मध्ये अतिशय लांब नळीचा प्रश्न गणिताने सोडविला. विसाव्या शतकात साउथवेल याने १९१३ मध्ये व फॉन मीझेस याने १९१४ मध्ये मर्यादित लांबीच्या नळीचे विवेचन करून दोन्ही टोके जोडली. एका मर्यादेपलीकडे लांबीचा परिणाम संपतो आणि नळी केवळ भिंतीच्या जाडीवर व पदार्थाच्या ताठपणावर तग धरते, हा त्याचा सारांश होय.

ब्रायनच्या सूत्रात जाडी व त्रिज्या यांच्या गुणोत्तराचा घन येतो, आणि येथेच लवचिक नळीची सारी अडचण सामावलेली आहे. आतील व्यास ३८ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी ५ मिलिमीटर असलेली साध्या रबराची सरळ नळी घेतली, व रबराचा स्थितिस्थापकतांक दर चौरस मिलिमीटरला ५ न्यूटन धरला, तर ती वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक-पंचमांश एवढ्या दाबफरकाने चेपेल असा हिशेब निघतो. उष्णतेने किंवा तेलाने रबर मऊ पडून हा अंक निम्मा झाला, तर एक-दशांशही पुरेल. जाडी तीच ठेवून त्रिज्या दुप्पट केली, तर बळ एक-अष्टमांशच राहील. नळी वळविली की तिचा छेद लंबगोल होतो व बळ आणखी घटते. अशा नळीच्या पोटात स्प्रिंग बसविणे म्हणजे फेअरबेर्नची कडी आतून बसविणेच होय. फरक एवढाच की, कडी सुटी नसून एकाच तारेने सलग जोडलेली असतात, त्यामुळे नळी वाकविता येते.

५

विणीचे आवरण हे काम का करीत नाही, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. सुताची असो वा पोलादी तारेची असो, वीण म्हणजे उजवीकडे व डावीकडे फिरत जाणाऱ्या धाग्यांच्या दोन मळसूत्री माळा. अंतःदाबाने नळीच्या भिंतीत घेराच्या दिशेने जो ताण उत्पन्न होतो, तो लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. धाग्यांचा नळीच्या अक्षाशी सुमारे ५४ अंश ४४ कलांचा कोन असला, तर दोन्ही ताण धाग्यांतच नेमके सामावले जातात आणि दाबाखाली नळी आखूडही होत नाही व लांबतही नाही. विणीची ही रचना मोठी कुशल आहे. पण तिचे सर्व कौशल्य ताण सोसण्याचे आहे. दोरीने ओढता येते, दोरीने रेटता येत नाही. बाहेरचा दाब नळीला आत ढकलू लागला की धागे ढिले पडतात. रबरात रुतून बसलेली वीण भिंतीच्या ताठपणात थोडी भर घालते हे खरे. पण भिंतीवर नुसती चढविलेली वीण तेवढेही करीत नाही. चिलखत घातलेली नळी बाहेरून अभेद्य दिसते, आणि त्यामुळेच तिच्यावर चोषणाच्या जागी अवाजवी विश्वास टाकला जातो.

द्रवचालित यंत्रांच्या क्षेत्रात हा भेद मानकांमध्येच नमूद झाला. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेच्या नळ्यांविषयीच्या मानकात दाबाच्या नळ्यांचे अनेक वर्ग आहेत. त्यांतील '१०० आर ४' हा वर्ग चोषण व परतीच्या तेलासाठी राखलेला असून त्यात सुताच्या विणीबरोबर भिंतीत मळसूत्री तार असणे अपेक्षित आहे. वीण आणि वेटोळे ही दोन निरनिराळ्या शत्रूंविरुद्धची निरनिराळी साधने आहेत, याची ही औपचारिक कबुलीच म्हणावी लागेल.

६

मोटारगाडीत हा प्रश्न आरंभापासून नव्हता. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींवर तयार झालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत, अगदी पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्या वगळता, पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरे व पुन्हा एंजिनात जाई. अशा मंद अभिसरणात नळीला चोषण असे भोगावेच लागत नाही. एंजिनांची शक्ती वाढली, तसा पंप अपरिहार्य झाला, आणि पंपाबरोबर चोषण आले.

हे चोषण खालच्या नळीच्याच वाट्याला का येते, हे नीट पाहिले पाहिजे. जुन्या रचनेत रेडिएटरची वरची टाकी एका बारीक नळीने बाहेरच्या हवेशी जोडलेली असे; म्हणून त्या टाकीतील दाब वातावरणाइतका ठरलेला असे. तेथून पाणी रेडिएटरच्या अरुंद वाहिन्यांतून उतरताना घर्षणाने दाब घटतो, आणि हा घटलेला दाब खालच्या नळीत प्रकट होतो. फोर्डच्या १९३२ च्या आठ सिलिंडरी एंजिनात पंप सिलिंडरांच्या डोक्यांवर होते व ते तापलेले पाणी बाहेर ओढीत. १९३७ मध्ये ते ठोकळ्यावर आले व थंड पाणी आत ढकलू लागले. पण दोन्ही रचनांत खालची नळी रेडिएटरच्या अडथळ्यानंतरच येते. तिची अवस्था पंपाच्या या स्थलांतराने मूलतः पालटत नाही. एंजिनाचा वेग वाढला किंवा रेडिएटर गाळाने तुंबला की तिच्यातील दाब आणखी उतरतो. नळी चेपते, पाणी अडते, एंजिन तापते. चालक गाडी थांबवून झाकण उघडून पाहतो तो नळी पूर्ववत गोल झालेली असते. स्प्रिंगचे पहिले प्रयोजन हे होते.

दाबाचे झाकण आल्यावर परिस्थिती बदलली. दर चौरस इंचास एक पौंड जादा दाबाने पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे ३ अंश फॅरनहाइटने वाढतो. हा लाभ घेण्यासाठी शीतन-व्यवस्था बंदिस्त करण्यात आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अशी झाकणे सर्रास प्रचारात आली. आता गरम एंजिनात सर्वच नळ्यांमधील दाब वातावरणाहून अधिक राहू लागला. रेडिएटरमध्ये तो काहीसा घटला तरी खालच्या नळीत चोषण उरत नाही. धोका उरला तो एंजिन पुरते तापण्यापूर्वी वेगाने चालविले असता, किंवा झाकण दाब धरीत नसता. याच सुमारास नळीचा पदार्थही सुधारला. १९३१ मध्ये जाहीर झालेले निओप्रीन आणि १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आलेले इथिलीन-प्रोपिलीन जातीचे रबर उष्णतेने लवकर मऊ पडत नाही. मुशीवर वळण देऊन घडविलेल्या जाड नळीचा छेद वळणावरही गोल राहतो. या तिन्ही कारणांनी स्प्रिंगचे पहिले प्रयोजन बरेचसे मावळले.

नव्या झाकणाने चेपण्याचा एक निराळा प्रकार मात्र निर्माण केला. एंजिन निवताना आतील द्रव आकसतो. तेव्हा झाकणातील लहान निर्वात-झडपेने बाहेरून हवा किंवा द्रव आत घ्यावा अशी योजना असते. ती झडप अडकली तर थंड झालेल्या गाडीच्या नळ्या, विशेषतः वरची नळी, चेपून बसतात. हा दोष झाकणाचा होय. नळी वेगात चेपते की निवताना चेपते, एवढे पाहिले तरी दोहोंतील भेद कळतो. पुष्कळदा तो न पाहता नळीलाच दोष दिला जातो, आणि स्प्रिंग घालून मूळ बिघाड झाकला जातो.

७

दाबाच्या झाकणानंतरही अनेक नव्या गाड्यांच्या खालच्या नळीत स्प्रिंग सापडत राहिली. यातून दुरुस्तीच्या धंद्यात एक वाद उभा राहिला. एका पक्षाचे म्हणणे असे की, स्प्रिंग कारखान्यापुरतीच असते. गाडीची जुळणी होताना शीतन-व्यवस्थेतील हवा आधी ओढून काढतात आणि मग द्रव भरतात, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. त्या घटकाभराच्या निर्वातासाठी स्प्रिंग असते, नंतर तिचे काम संपते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, कारखान्याने जे घातले ते नळी बदलतानाही घालावे.

वर दिलेल्या हिशेबाच्या आधारे या वादाकडे पाहिले तर दोन्ही पक्ष एकाच वस्तूविषयी परंतु निरनिराळ्या भारांविषयी बोलत आहेत असे दिसते. कारखान्यात भरणीच्या वेळी नळीवर जवळजवळ संपूर्ण वातावरणाचा दाब येतो. उदाहरणातील साधी नळी त्याच्या एक-पंचमांशानेच चेपणारी आहे. तेव्हा भरणीसाठी आधार हवा, हे म्हणणे यथार्थ आहे. चालू गाडीतील चोषण त्याहून पुष्कळ कमी असते, आणि झाकण व रेडिएटर सुस्थितीत असतील तर ताठ नव्या नळीला ते सोसवते. पण रेडिएटर तुंबला असेल, नळी वृद्ध झाली असेल किंवा झाकण दाब धरीत नसेल, तर तेच चोषण पुरेसे घातक ठरते. शिवाय स्प्रिंग निरुपद्रवी नाही. शीतन-द्रवातील गंजरोधक संपले की साध्या पोलादाची तार गंजून झिजते व तिचे तुकडे प्रवाहात सापडतात. म्हणून जुनी गंजलेली स्प्रिंग नव्या नळीत तशीच सरकविणे हा सर्वांत वाईट तोडगा होय. न गंजणाऱ्या पोलादाची नवी स्प्रिंग घालावी, अथवा चोषण सोसणारी नळी निवडावी.

८

स्प्रिंगला सर्वांत अलीकडचे प्रयोजन मिळाले ते टेफ्लॉनच्या नळीमुळे. रॉय प्लंकेट याला १९३८ मध्ये ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत हा पदार्थ अकल्पितपणे सापडला. तेल, इंधन व उष्णता यांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून त्याच्या पातळ अस्तरावर न गंजणाऱ्या पोलादी तारेची वीण चढवून केलेली नळी प्रथम विमानांत व पुढे शर्यतीच्या मोटारींत मान्यता पावली. अंतःदाबाच्या बाबतीत ती उत्तम आहे. परंतु अस्तर पातळ, वीण त्याला न चिकटलेली, आणि अस्तराला एकदा घडी पडली की त्या जागी ते कायमचे दुबळे होते. शर्यतीच्या एंजिनांत तेलाचा साठा पुष्कळदा वेगळ्या टाकीत असतो. टाकीतून दाबपंपाकडे येणारी व एंजिनाच्या तळातून तेल परत ओढणारी अशा नळ्या मोठ्या व्यासाच्या असून चोषणाखालीच काम करतात. मोठी त्रिज्या, पातळ भिंत व गरम तेल या तिन्ही गोष्टी येथे एकत्र येतात. म्हणून नळीच्या मापाच्या सुट्या आधार-स्प्रिंगा तयार होऊ लागल्या.

ती बसविण्याची रीत साधी असली तरी तिच्या प्रत्येक पायरीमागे वरील शास्त्र आहे. स्प्रिंगचा बाह्य व्यास नळीच्या पोटाहून किंचित अधिक असतो. तार ज्या दिशेने वळलेली आहे त्या दिशेने स्प्रिंग पिळली की ती आवळते. तशी पिळत ती आत सरकवावयाची आणि मग सोडावयाची, म्हणजे ती सैलावून भिंतीला घट्ट बसते. ती सैल असली तर कडे असूनही आधार नाही. ती ताणून बसविली तर फेऱ्यांमधील अंतर वाढते व दोन फेऱ्यांच्या मध्ये भिंत आत बसते. फेअरबेर्नने भट्टीनळीत जी लांबी मोजली, तीच येथे मिलिमीटरांत उतरलेली आहे. लांबी अशी कापावी लागते की, दोन्ही टोके जोडणीच्या आत शिरणाऱ्या धातूच्या भागापाशी थांबतील. त्याखाली ती अडकली तर जोडणी बसत नाही, फार अलीकडे राहिली तर मधला निराधार भागच चेपतो. दुसरी जोडणी बसविण्यापूर्वीच हे काम उरकावे लागते. तारेची कापलेली टोके घासून बोथट करणे व नळी धुऊन धातूचा कीस काढणे आवश्यक असते; कारण आधारासाठी घातलेली तार अस्तर भोसकू शकते, आणि कीस थेट पंपात जातो.

येथे चेपण्याची निमूट वृत्ती कळसाला पोचते. रबरी नळी चेपली तर निदान बाहेरून दिसते. येथे आतले अस्तर मिटले तरी बाहेरची पोलादी वीण गोल व तकतकीत राहते. एंजिन तेलाविना झिजत असते, आणि तपासणाऱ्याच्या हाताला नळी निर्दोष लागते.

९

या दीर्घ हकीकतीत साधन जवळजवळ बदलले नाही. बंबाच्या चोषनळीतील वेटोळे आणि शर्यतीच्या गाडीतील स्प्रिंग यांचे काम एकच आहे. बदलत गेली ती त्याला बोलावणारी कारणे. पंपाने स्प्रिंग आणली, दाबाच्या झाकणाने तिला बरेचसे निवृत्त केले, कारखान्यातील निर्वात-भरणीने परत बोलावले, आणि टेफ्लॉनच्या पातळ अस्तराने नवे काम दिले. एखादा यंत्रभाग का आला हे सांगताना केवळ पदार्थाच्या सुधारणेचा क्रम मांडणे यामुळेच अपुरे पडते; त्या भागावर प्रत्येक काळी कोणता भार कोणत्या दिशेने येत होता, हे पाहावे लागते. जुन्या नळीत सापडलेली गंजकी स्प्रिंग ही मागासलेपणाची खूण नव्हे. त्या यंत्रात त्या जागी कधीकाळी चोषण होते, याचा तो पुरावा होय. यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्याने तो पुरावा फेकून देण्यापूर्वी वाचला पाहिजे, आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्यानेही.